टपालाच्या थैलीत काय काय असावे?

ई-मेलचे प्रोग्राम बनवणाऱ्यांपुढे गेली पन्नास वर्षे एक वाद पुन्हा पुन्हा येऊन उभा राहतो. पत्र लिहिणे, पाठवणे आणि आलेले वाचणे एवढे जमले की पुढे काय? पत्त्यांची वही आत घ्यायची का? दिनदर्शिका, कामांची यादी, गप्पांची खिडकी, मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याची सोय, यांतले काय प्रोग्रामच्या अंगचे असावे आणि काय ज्याचे त्याने बाहेरून जोडून घ्यावे? एक पक्ष म्हणतो, सगळे एका जागी मिळाले की माणसाची पायपीट वाचते. दुसरा म्हणतो, पत्राचे काम करणाऱ्याने पत्राचेच काम करावे. दहा कामे अंगावर घेतली की मूळचेही बिघडते. संगणकवाल्यांना हा वाद आपल्या घरचा वाटतो. खरे तर तो त्यांच्या आधी शंभर वर्षे टपाल खात्यात झाला, फायलींत झाला तसाच काउंटरवरही झाला, आणि त्याचे निकालही लागले. ते निकाल तपासायला मुंबई-पुण्याच्या मोठ्या कचेऱ्यांपेक्षा पेण आणि रोहा ही रायगड जिल्ह्यातली दोन तालुक्याची गावे जास्त उपयोगी पडतात. मोठ्या शहरात एक सोय नसली तर दुसरी दाराशी असते. तालुक्याच्या गावात टपालाने जे केले नाही ते पुष्कळदा झालेच नाही, म्हणून तिथे प्रत्येक सोयीची खरी किंमत कळते.

दोन्ही गावे पेशवाई बुडाल्यावर १८१८ साली कंपनी सरकारच्या ताब्यात आली. आजच्या पेण तालुक्याचे तेव्हाचे नाव सांकशी. जिल्ह्याचे ठाणे अलिबागला, आणि जिल्ह्याचे नाव १९८१ च्या जानेवारीपर्यंत कुलाबा. पेण भोगावतीच्या काठी, रोहा कुंडलिकेच्या. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते आत येत आणि भात, मीठ घेऊन बाहेर पडत. मुंबई सरळ रेषेत मोजली तर हाकेच्या अंतरावर, पण मध्ये पाणी. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १८५३ साली सुटली आणि आपट्याहून रुळ रोह्याला पोचायला १९८६ साल उजाडले. मधली एकशे तेहेतीस वर्षे इथला माणूस धरमतरच्या बोटीने किंवा रस्त्याने मुंबई गाठत होता. खारजमिनीतल्या एका भातपिकावर घर भागत नसे, तेव्हा घरातला एक तरी गडी गिरणीत, गोदीत किंवा कुणाच्या पेढीवर. चूल एका टोकाला आणि कमाई दुसऱ्या टोकाला, अशी ही वस्ती. १८५४ च्या कायद्याने पत्राचा दर अंतरावर न ठेवता वजनावर ठेवला आणि हलक्यात हलके पत्र देशभर अर्ध्या आण्यात जाऊ लागले. १८७९ मध्ये पोस्टकार्ड आले, त्याची किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. खुशाली कळण्याची सोय झाली. पण मुंबईत गेलेल्या माणसाकडून घराला खुशालीबरोबर आणखी एक गोष्ट हवी होती, आणि टपालाच्या थैलीत ती घालावी की नाही हा पहिला मोठा प्रश्न होता.

ती गोष्ट अर्थातच पैसा. टपालाने पैसा नेण्याआधी लोक पैसे पाठवत नव्हते असे नाही. गावाकडे निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती रोकड द्यायची. व्यापारी असेल तर हुंडी करायची. हाती नोट असेल तर ती मधोमध कापायची, एक अर्धी पत्रात घालून धाडायची, ती पोचल्याचे उत्तर आले की दुसरी अर्धी धाडायची. नोट कापून पाठवण्याचा हा रिवाज एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानभर होता आणि त्यातली अक्कल लक्षात घेण्याजोगी आहे: पाठवणाऱ्याचा टपालावर विश्वास नव्हता, म्हणून पोच पावतीची सोय त्याने स्वतःच जुळवून घेतली होती. सरकारी मनीऑर्डरही होती, पण ती खजिन्यांमार्फत चाले. खजिन्यात पैसे भरून हुकूम घ्यायचा, तो टपालाने पाठवायचा आणि घेणाऱ्याने नेमलेल्या खजिन्यात जाऊन पैसे उचलायचे. आता खजिने मोजके आणि टपाल कचेऱ्या हजारो. १८८० साली हे काम खजिन्यांकडून काढून टपाल खात्याकडे दिले गेले आणि जी सोय व्यापाऱ्या-अंमलदारांपुरती होती ती गिरणीकामगाराच्या हाती आली. यात नवा शोध काही नव्हता. जे काम टपालाला चिकटून पण टपालाबाहेर चालले होते, ते आत घेतले, एवढेच.

मनीऑर्डरचा फॉर्म डोळ्यांपुढे आणला म्हणजे ‘आत घेणे’ म्हणजे काय ते कळते. एकाच कागदाचे भाग. मुख्य भागावर रक्कम आकड्यात आणि अक्षरात, घेणाऱ्याचे नाव-पत्ता, पाठवणाऱ्याचे नाव-पत्ता. एका भागावर पोच, जिच्यावर घेणाऱ्याने सही करायची किंवा डाव्या हाताचा अंगठा उठवायचा, आणि अंगठा असेल तर साक्षीदाराची सही. शेवटी कूपन, ज्यावर पाठवणाऱ्याने चार ओळी लिहायच्या. पोस्टमन ओट्यावर बसून नोटा मोजून देई, शाईचा डबा पुढे करी, कूपन फाडून घरात ठेवायला देई आणि बहुतेक वेळा वाचूनही दाखवी. पोच उलट वाटेने मुंबईच्या खोलीत जाई. पैसा, पत्र आणि पावती ही तिन्ही कामे एका कागदाने केली आणि ती होऊ शकली, कारण मुंबईच्या काउंटरवरचा कारकून आणि रोह्याचा पोस्टमन एकाच नियमपुस्तकाने बांधलेले होते. रोह्याच्या टपाल कचेरीने आपल्यापुरती कितीही उत्तम मनीऑर्डर सुरू केली असती तरी परळच्या कचेरीला ती माहीत नसती तर तिचा उपयोग शून्य. माझे म्हणणे इथून निघते. जी सोय चालायला पाठवणारा आणि घेणारा या दोन्ही टोकांना तीच असावी लागते, ती टपालाच्या अंगची असली पाहिजे. जी एकाच टोकाला असून भागते, ती बाहेर ठेवली तरी कुणाचे अडत नाही, आणि पुष्कळदा ती बाहेर ठेवणेच बरे.

या कसोटीवर व्ही.पी. लगेच उतरते. १८७७ साली सुरू झालेल्या या पद्धतीत वस्तू टपालाने पाठवायची, घेणाऱ्याकडून किंमत टपालाने वसूल करायची आणि ती पाठवणाऱ्याला पोचती करायची. तालुक्याच्या गावी पुस्तकाचे दुकान नसले तरी पुण्या-मुंबईचा प्रकाशक आणि रोह्याचा वाचक एकमेकांचे तोंड न पाहता व्यवहार करू शकत होते. जुन्या मराठी मासिकांच्या जाहिरातींत ‘व्ही.पी.ने मागवा’ हे शब्द किती ठिकाणी दिसतात ते पाहावे. पेणच्या धंद्याकडे पाहिले तर कसोटीची दुसरी बाजूही दिसते. गणपतीच्या मूर्ती हा पेणचा शंभर वर्षांवरचा उद्योग. आज हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत अशी गावेच्या गावे त्यात आहेत, आणि मूर्ती ट्रकने आणि परदेशी बोटींतल्या कंटेनरमधून जातात. टपालाने मूर्ती वाहण्याचा हट्ट धरला नाही, ते शहाणपणाचे झाले. मूर्ती जपून नेण्याचे कसब वाहतूकदाराचे आणि भराव घालून बांधणाऱ्याचे आहे, ते प्रत्येक टपाल कचेरीला शिकवण्यात अर्थ नव्हता. मूर्तीची मागणी, इसार आणि पोचल्याची खबर मात्र टपालाची, कारण तिथे दोन टोके एकमेकांशी बोलतात.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. १८८२ साली टपाल खात्याने बचत बँक उघडली, १८८४ साली आपल्या नोकरांसाठी विमा काढला. बचत बँकेत तर पेणचा माणूस पेणच्याच काउंटरवर पैसे ठेवतो आणि तिथूनच काढतो. इथे दुसरे टोक कुठे आहे? माझ्या कसोटीप्रमाणे ही सोय बाहेर असायला हवी होती, आणि तरी ती टपालाच्या सगळ्या जोडधंद्यांत टिकाऊ ठरली. याचे सोपे उत्तर असे देता येईल की कचेरी होती, तिजोरी होती, कारकून होता, मग बँकही घातली. ते मला पुरेसे वाटत नाही, कारण त्याच न्यायाने काहीही घालता येते. खरे उत्तर हिशेबाच्या रीतीत आहे. छोट्या कचेरीत भरलेल्या पैशाची नोंद खातेदाराच्या पासबुकात होई आणि तीच मुख्य कचेरीच्या खातेवहीत जाई. दोन्ही जुळल्या पाहिजेत असा दंडक. म्हणजे दुसरे टोक होते, ते खातेदाराला दिसत नव्हते इतकेच. ज्या खात्याने मनीऑर्डरसाठी गावोगावचा रोख हिशेब एकमेकांशी जुळवण्याची यंत्रणा आधीच उभी केली होती, त्याला बचत बँक हा त्याच यंत्रणेचा पुढचा उपयोग होता. हे दुसरे टोक नसले की काय होते ते पेणने २०१० साली पाहिले. पेण अर्बन सहकारी बँकेतला खोट्या कर्जखात्यांचा प्रकार बाहेर आला, रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि ठेवीदारांचे पैसे वर्षानुवर्षे अडकून पडले. टपालाच्या बचत खात्यांत अफरातफर कधी झाली नाही असे कुणी म्हणणार नाही. पण तिथे एका कचेरीने वह्या फिरवल्या तरी दुसऱ्या कचेरीतल्या वह्या बोलतात. रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेचा पैसा उभा करताना अल्पबचतीवर मोठी भिस्त होती. ती बचत गावागावांतून गोळा होत होती ती याच काउंटरांवर.

क्विनाइनची गोष्ट मात्र कसोटीला खरोखर अडचणीत टाकते आणि ती टाळून चालणार नाही. १८९२ पासून आधी बंगालमध्ये आणि पुढे इतर प्रांतांत टपाल कचेऱ्यांतून क्विनाइनच्या पुड्या पैशाला एक अशा विकल्या जाऊ लागल्या. हिवतापाने माणसे मरत होती, दवाखाने दूर होते आणि सरकारी हात खेड्यापर्यंत पोचत होता तो टपालाचाच. मिठागरे, खाजण आणि पावसाळी भातशेतीच्या मुलखाला हिवतापाची ओळख करून द्यायला नको. या पुडीला दोन टोके नाहीत. ती टपालाची सोय नव्हतीच; टपालाच्या खिडकीत मांडलेले ते दुकान होते. पण ते दुकान मांडले ते चूक होते का? अजिबात नाही. इथे भेद असा करायला हवा की खिडकी उसनी देणे वेगळे आणि सोय अंगात मुरवणे वेगळे. क्विनाइन विकणे थांबले तेव्हा एकही पत्र अडले नाही, एकही मनीऑर्डर परत गेली नाही. २०१६ पासून टपाल कचेऱ्यांत गंगाजलाच्या बाटल्या मिळतात. उद्या त्या मिळेनाशा झाल्या तर भाविक दुसरीकडे घेतील. एखादी सोय आतली की बाहेरची हे ठरवायचे असेल तर ती काढून पाहावी आणि कोण अडले ते मोजावे.

मग खिडकी उसनी द्यायला काय हरकत आहे, असे कुणी विचारील. हरकत माणसाची आहे. खेड्यातली शाखा टपाल कचेरी पुष्कळदा शाळामास्तराकडे असे, आणि खात्याच्या धोरणातच ते बसलेले होते: लिहिता-वाचता येणारा, गावाचा विश्वास असलेला आणि थोड्या भत्त्यात काम करणारा दुसरा माणूस कुठून आणायचा? या मास्तराच्या टेबलावर तिकिटे, पोस्टकार्डे, रजिस्टर पत्रे, मनीऑर्डरी, बचतीची पासबुके, शिवाय पुढे कॅश सर्टिफिकेटे, असा पसारा साठत गेला. प्रत्येक नव्या सोयीबरोबर एक नवी वही, एक नवा तक्ता आणि चूक झाली तर एक नवा जबाब. मुख्य कचेरीत बसलेल्याला नवी सोय म्हणजे एक परिपत्रक; शाखेतल्या माणसाला ती म्हणजे रोजचा अर्धा तास. प्रोग्रामला सोयी वाढवणारे हेच विसरतात. सोय लिहिणारा ती एकदाच लिहितो, पण ती सांभाळावी लागते दर आवृत्तीला आणि वापरणाऱ्याच्या प्रत्येक पडद्यावर. म्हणून अंगची सोय ठरवताना कसोटी कडकच हवी. तारेचेही क्विनाइनसारखेच. १८८३ पासून टपाल आणि तार एकाच कचेरीत आणायला सुरुवात झाली, १९१४ मध्ये दोन्ही खाती एक झाली, १९८५ मध्ये ती पुन्हा वेगळी झाली, आणि २०१३ च्या जुलैमध्ये तार बंद पडली. सत्तर वर्षे एका छपराखाली राहूनही टपाल आणि तार ही दोन वेगळी यंत्रेच राहिली; त्यांना जोडणारे छप्पर गेले तेव्हा टपालाचे काही बिघडले नाही.

याच्या उलट उदाहरण पिन कोडचे. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी, संस्कृतचे कवी; त्यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकड्यांचा पिन कोड सुरू झाला. पेण ४०२१०७, रोहा ४०२१०९. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून वर्गवारीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन कचेरीचे. एका नावाची अनेक गावे, देशात अनेक लिप्या आणि पाकिटावरचे वाटेल ते अक्षर, या तिन्हींवर हा एकच उपाय होता. आणि तो पत्ता लिहिणाऱ्याने लिहिला आणि वर्गवारी करणाऱ्याने वाचला तरच चालणारा होता. सक्ती नव्हती. पिनशिवायची पत्रेही जात राहिली, सावकाश जात राहिली, आणि लोक हळूहळू तो लिहू लागले. आत घेण्याच्या सोयी अशा असाव्यात: नसल्या तरी जुने काम थांबू नये आणि दोन्हीकडे असल्या तर नवे काम व्हावे. रजिस्टर ए.डी.चेही हेच. पेण-रोह्यातल्या जमिनीचा हिस्सेदार मुंबईत राहतो, नोटीस त्याला पाठवायची, आणि मिळाली हे कोर्टात दाखवायचे. त्यासाठी पोच कार्डावर त्याची सही हवी. ई-मेलवाल्यांनीही ‘वाचल्याची पोच’ काढली, पण तिचे वजन कधी पडले नाही. पोच द्यायची की नाही हे घेणाऱ्याच्या मर्जीवर राहिले आणि दोघांच्या मध्ये उभा राहून सही घेणारा पोस्टमन तिथे नव्हता. दोन्ही टोके जुळूनही भागत नाही, कधी कधी मध्ये तिसरा माणूस लागतो. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले, पण सही घेऊन पोच देण्याचे काम काही खात्याला सोडता आले नाही.

ई-मेलचा इतिहास या कसोटीने वाचला की तो बराच सरळ होतो. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सनने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पत्र पाठवले तेव्हा त्याचा प्रोग्राम घेणाऱ्याच्या फाइलीला मजकूर जोडण्यापलीकडे काही करत नव्हता. आलेली पत्रे एकेक उघडायची, हवी ती ठेवायची, नको ती टाकायची, हे लॅरी रॉबर्ट्सने नंतर वर्षभरात जोडले. जॉन व्हिटलने १९७५ मध्ये उत्तर देण्याची आज्ञा आणली: कळ दाबली की उत्तर कुणाला जायचे ते प्रोग्रामच ठरवी. ही आज्ञा दिसायला एका टोकाची, पण ती चालते पाठवणाऱ्याच्या प्रोग्रामने नाव, तारीख आणि विषय ठरलेल्या जागी ठरलेल्या रीतीने लिहिले असेल तरच. म्हणून त्या जागा ठरवण्याची खटपट १९७३ पासून सुरू झाली आणि १९८२ च्या मानकात ती स्थिरावली. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम हे मानक काढले. पत्राला चित्र जोडता येणे, आवाज जोडता येणे आणि इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपीत पत्र जाणे, हे त्यानंतर सगळ्यांना शक्य झाले.

‘दुसऱ्या लिपीत’ हे म्हणायला सोपे होते. मराठी माणसाला ई-मेल मिळाली नव्वदच्या दशकात. विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी खुली झाली. पुण्यात सी-डॅकने आणि मॉड्युलर इन्फोटेकसारख्या कंपन्यांनी संगणकावर उत्तम देवनागरी आणली होती. वर्तमानपत्रे, छापखाने, लग्नपत्रिका, सगळे त्यावर चालत होते. पण ती देवनागरी एका टोकाची होती. फॉन्टची खूण वेगळी, त्यातले ‘क’चे घर वेगळे, पाठवणाऱ्याकडे एक फॉन्ट आणि घेणाऱ्याकडे दुसरा असला की पेणहून न्यू जर्सीला गेलेले पत्र इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्यासारखे उघडे. मग लोकांनी तीन वाटा काढल्या: मराठी रोमन अक्षरांत लिहायचे, पत्राबरोबर फॉन्टही पाठवायचा, किंवा मजकुराचे चित्र करून जोडायचे. कापलेल्या नोटेची आठवण व्हावी अशी ही जुळवाजुळव, आणि कारणही तेच: मधल्या यंत्रणेत सोय नव्हती. देवनागरी १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये होती, पण विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर ती घरोघरच्या संगणकांत पोचली आणि ई-मेल प्रोग्रामांनी ती अंगची मानली तेव्हाच मराठी पत्र मराठीत गेले. जो कुणी म्हणतो की प्रोग्राम सुटसुटीत ठेवा आणि लिपी ज्याची त्याने जोडून घ्यावी, त्याने ती दहा वर्षे आठवावीत. इंग्रजीला जी सोय जन्मापासून मिळाली होती तिला तो ‘साधेपणा’ म्हणत होता.

सुटसुटीतपणाच्या बाजूचा खरा मुद्दा वेगळा आहे आणि तो भक्कम आहे. ४ मे २०००ला ‘आय लव्ह यू’ नावाचे पत्र जगभर पसरले. जोडलेली फाइल उघडली की ती चाले, आउटलुकच्या पत्त्यांच्या वहीतले पत्ते घेई आणि त्या सगळ्यांना स्वतःची प्रत पाठवी. पत्त्यांची वही, प्रोग्राम चालवण्याची मुभा आणि पत्र पाठवण्याची सोय एकमेकांना आतून जोडलेली होती म्हणून हे घडले. एका टोकाच्या सोयी आत घेतल्या की असे दरवाजे उघडे राहतात. थंडरबर्ड या प्रोग्रामचा अनुभव इथे दोन्ही बाजू दाखवतो. त्याची दिनदर्शिका आधी लाइटनिंग नावाची वेगळी जोडणी होती, ती २०१५ मध्ये आत आली. मजकूर कुलूपबंद करण्याचे काम एनिग्मेल ही बाहेरची जोडणी वीसएक वर्षे करत होती; २०२० मध्ये जुन्या पद्धतीच्या जोडण्या बंद झाल्या तेव्हा ते कामही आत घ्यावे लागले. माझ्या हिशेबाने दुसरा निर्णय आधीच व्हायला हवा होता. कुलूप लावणारा आणि उघडणारा अशी दोन टोके असलेली सोय जोडणीच्या भरवशावर ठेवल्याने ती हौशी लोकांपुरती राहिली. पहिल्याबद्दल मात्र मी अर्धाच राजी आहे. स्वतःच्या कामांची दिनदर्शिका एका माणसाची गोष्ट आहे, ती कुठेही ठेवावी. पण कुणी सभेचे निमंत्रण धाडले तर ते वाचता येणे, होय-नाही कळवता येणे आणि ते कळवलेले समोरच्याच्या प्रोग्रामला समजणे, हे पत्राचेच काम आहे. त्याचे मानक १९९८ पासून आहे. आत हवे ते एवढेच.

शेवटचा आक्षेप सध्याच्या काळाचा. कशाला ही चर्चा, असे म्हणता येईल. पेणचा मूर्तिकार आता व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो, मागणी घेतो आणि फोनवर पैसे घेतो, त्याला सगळे एका जागी मिळाले आहे. या बोलण्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र मिसळल्या आहेत. व्हॉट्सॲपने दोन्ही टोके जुळवली ती दोन्ही टोकांना आपलेच ॲप घ्यायला लावून. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने ती जुळवली नियम ठरवून: पाठवणाऱ्याचे ॲप एक, घेणाऱ्याचे दुसरे, बँका वेगळ्या, तरी पैसा पोचतो आणि दोघांनाही पोच मिळते. मनीऑर्डरचा वारस कोण, हे यावरून ठरवावे. कागदी मनीऑर्डर १ एप्रिल २०१५ ला बंद झाली, तिच्या इलेक्ट्रॉनिक रूपात काम चालू राहिले, पण वीस रुपयांना एक रुपया हे तिचे कमिशन यूपीआयपुढे टिकण्यासारखे नव्हतेच. कूपनावरच्या चार ओळी मात्र गेल्या. यूपीआयच्या शेऱ्यात कुणी ‘शेतावर जाताना जपून’ लिहीत नाही. ई-मेल अजून या दुसऱ्या जातीची आहे. कुठल्याही कंपनीच्या खात्यावरून कुठल्याही कंपनीच्या खात्यावर पत्र जाते, आणि तिच्यात काय असावे याचा निर्णय महत्त्वाचा आहे तो एवढ्यासाठीच.

आणि त्या निर्णयाचे एक काम अर्धे पडून आहे. २०१२ मध्ये ई-मेलचा पत्ताच वेगळ्या लिपीत लिहिण्याची मानके तयार झाली. २०१४ मध्ये ‘.भारत’ ही क्षेत्रनावे देवनागरीत खुली झाली, मराठीसाठीही. त्याच वर्षी जीमेलने अशा पत्त्यांशी पत्रव्यवहार करायची तयारी दाखवली. म्हणजे पेणच्या कारखानदाराने कारखान्याच्या नावाचा पत्ता मराठीत घ्यायचा म्हटले तर कायदा, मानक आणि तंत्र यांपैकी कुणाची आडकाठी नाही. पण बहुतेक वेबसाइटींचे अर्ज तो पत्ता चुकीचा म्हणून परत करतात, आणि कित्येक ई-मेल यंत्रणा त्या पत्त्यावरचे पत्र घेत नाहीत. ही दोन्ही टोकांची सोय आहे आणि एका टोकाला अडून राहिली आहे. जे मराठी प्रोग्रामर आज कुठल्याही ई-मेल प्रोग्रामवर, सर्व्हरवर किंवा साध्या नोंदणी अर्जावर काम करत असतील, त्यांनी पुढच्या आवृत्तीत आणखी एक दिनदर्शिका घालण्याआधी आपला प्रोग्राम देवनागरी पत्ता स्वीकारतो का, हे एकदा तपासून पाहावे.